कारंज्याला हात लावू द्या

जबलपूरच्या जुन्या शहरात कुणाला पत्ता सांगायचा झाला, की बोलणं शेवटी दोन खुणांवर येऊन थांबतं. एक कमानिया गेट आणि दुसरी बडा फुहारा. गेट १९३९ सालच्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभारलेलं. सुभाषबाबू अध्यक्ष असलेलं ते गाजलेलं अधिवेशन इथून जवळच नर्मदेकाठी भरलं होतं. फुहारा म्हणजे आपलं कारंजं. त्याच्या भोवतीनं कापड, बांगड्या, भांडी, दागिने, पूजेचं सामान, फुगे, खेळणी अशा दुकानांची दाटी आहे. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तर लहान मुलाचा हात क्षणभर सुटला तरी आईच्या पोटात गोळा यावा, एवढी गर्दी असते. इथल्या मराठी घरांनीही या नावाचं भाषांतर केलेलं नाही; "फुहाऱ्यावर जाऊन येते," असंच म्हणतात.

अशा गर्दीतून जाताना पाच वर्षांचं एखादं मूल कारंजं पाहून थबकतं आणि विचारतं, "पाणी वर कसं जातं?" त्याचा प्रश्न रास्त असतो. नळाचं पाणी खाली पडतं, पन्हाळीचं खाली पडतं, भेडाघाटच्या धुआंधारला तर अख्खी नर्मदा खाली कोसळते. मग हे पाणी वर कसं? पिशव्या सांभाळणारी आई घाईघाईनं सांगते, "मोटर असते आत." उत्तर खोटं नाही, पण त्यानं प्रश्न तिथल्या तिथे मिटतो. मोटर नव्हती तेव्हाही कारंजी उडतच होती. आजच्या छत्रपती संभाजीनगरातल्या पाणचक्कीला डोंगराकडून मातीच्या नळांनी पाणी आणलं, ते उंचावरून येणाऱ्या पाण्याच्या जोरावर. उंची म्हणजेच जोर, एवढंच त्या मुलाला हवं असतं. आणि ते सांगून कळत नाही.

कळण्यासाठी प्लास्टिकची एक रिकामी बाटली पुरते. तिला खालपासून वरपर्यंत एका रेषेत तीन भोकं पाडायची, एक पाव उंचीवर, एक बरोबर मध्यावर, एक पाऊण उंचीवर. बाटली परातीत ठेवायची आणि वरून पाणी ओतत राहायचं, म्हणजे पातळी उतरणार नाही. तीन धारा सुटतात. सगळ्यात लांब कोणती जाते? कित्येक पुस्तकांतल्या चित्रांत सगळ्यात खालची धार सगळ्यात लांब गेलेली दाखवतात. परातीत मात्र मधली धार सगळ्यांच्या पुढे पडते, आणि वरची व खालची जवळजवळ एकाच जागी. खालच्या पाण्याला जोर सर्वांत जास्त खरा, पण परात इतकी जवळ असते की लांब जायला त्याला सवडच मिळत नाही. बाटली उंच स्टुलावर ठेवली आणि धारा खाली जमिनीवर पडू दिल्या, की चित्र पालटतं.

आता यात एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. डोळ्यांनी पाहणारं मूल धार कुठे पडते ते पाहतं आणि गोंधळतं. जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलीनं त्याच तीन भोकांपुढे आळीपाळीनं बोट धरलं, तर तिचा निकाल पहिल्या फेरीतच लागतो: खालची धार सगळ्यात जोरात ढकलते. अंतर हा पुढचा हिशेब, जोर ही मूळ गोष्ट, आणि ती बोटाला आधी कळते. त्यानंतर वर्गातल्या सगळ्यांनाच बोट लावून पाहायला सांगितलं, तर डोळस मुलांचा गोंधळही कमी होतो. लहान मुलांना विज्ञान शिकवण्याबद्दल बोलताना हा बोटाचा मुद्दा फार वरच्या रांगेत हवा. आज तो तिथे नाही.

आजचा शब्द आहे 'स्टीम'. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, कला आणि गणित यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं जुळवून तो झाला. आधी कला त्यात नव्हती. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये २००१ च्या सुमारास ज्युडिथ रामले यांनी आधीच्या अवघडलेल्या अक्षरक्रमाचा 'स्टेम' केला, आणि पुढच्या काही वर्षांत जॉर्जेट याकमन यांच्यासारख्या शिक्षिकांनी त्यात कलेचा 'ए' घालण्याचा आग्रह धरला. आता हा शब्द शहरोशहरीच्या नर्सरीच्या फलकांवर दिसतो आणि त्याच्यासोबत रंगीत पेट्या विकल्या जातात: मोटर, सेन्सर, चाकं, ठोकळे. पेटीत वाईट काही नसतं. पण पेटी विकत घेतली की शिकवण झाली, असा समज पसरतो तो घातक आहे, कारण त्यात दोन प्रकारची मुलं सहज मागे राहतात. ज्यांच्या घरी पेटीचे पैसे नाहीत ती, आणि ज्यांचे डोळे, कान, हात किंवा मन पेटी बनवणाऱ्यानं गृहीत धरल्याप्रमाणे चालत नाही ती.

इतिहास मात्र नेमका उलटा आहे. लहान मुलांच्या शिक्षणातली सगळ्यात टिकाऊ साधनं मागे राहिलेल्या मुलांसाठीच पहिल्यांदा घडली. मारिया मॉन्टेसरी यांनी विसावं शतक उजाडण्याच्या सुमारास रोममध्ये काम सुरू केलं ते बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसोबत. इटार आणि सेग्वँ या फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी केलेली साधनं त्यांनी अभ्यासली, सुधारली, हाताळून पाहिली. ती मुलं शिकू लागली, तेव्हा त्यांना वेगळाच प्रश्न पडला: हीच साधनं इतर मुलांना दिली तर? ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं बालगृह उघडलं. खरखरीत कागदाची अक्षरं, बोट फिरवून ओळखायचे आकार, हातात तोलून लावायची वजनं हे सगळं आज उच्चभ्रू शाळांत दिसतं. त्याचा उगम ज्यांना कुणी शिकवायला तयार नव्हतं अशा मुलांच्या खोलीत आहे. मॉन्टेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या, म्हणजे त्रिपुरीचं अधिवेशन भरलं त्याच वर्षी.

त्याच्याही आधी हा विचार मराठीत पोचला होता. ताराबाई मोडक १९२३ मध्ये भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या आणि १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. मॉन्टेसरीची साधनं महाग होती आणि शहरी होती. ताराबाईंनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं आणि पुढे कामाचा मुक्काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर हलवला. सोबत होत्या अनुताई वाघ. तिथे साधन म्हणजे शंख, शिंपले, बिया, पानं, दगड, बांबूच्या नळ्या. वारली पाड्यांतली मुलं शाळेत येईनात, म्हणून शाळाच अंगणात गेली. गुरं राखणाऱ्या मुलांमागे कुरणात गेली. अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द आपल्याला तिथून मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. बडा फुहाऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांतलं मूल अंगणवाडीत जाऊन ताईंना 'दीदी' म्हणत असेल, पण ज्या शब्दाच्या छपराखाली ते बसतं तो कोसबाडच्या टेकडीवरून आला आहे.

मध्य प्रदेशानं स्वतःही या बाबतीत मोठं काम करून दाखवलं, आणि ते नर्मदेच्याच काठावर. जबलपूरहून नदीच्या ओघाबरोबर पश्चिमेला गेलं, नरसिंहपूर मागे टाकलं, की होशंगाबाद जिल्हा लागतो. आता त्याचं नाव नर्मदापुरम. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसुलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तिथल्या १६ सरकारी मिडल शाळांत विज्ञान शिकवण्याची पद्धतच बदलायला घेतली. अनिल सद्गोपाल हे त्यामागचं ठळक नाव. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक गावच्या मास्तरांसोबत बसू लागले. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकांत उत्तरं छापलेलीच नव्हती. मुलांनी गट करून प्रयोग करायचा, दिसलं ते आपल्या शब्दांत लिहायचं, भांडायचं, पुन्हा करायचं. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा, आणि हातानं प्रयोग करून दाखवायची परीक्षा वेगळी. मुलांना प्रश्न पडले की ती 'सवालीराम' या काल्पनिक माणसाला पत्र लिहीत, आणि सवालीरामकडून खरोखर उत्तर येई. १९८२ मध्ये या कामातून एकलव्य संस्था उभी राहिली आणि कार्यक्रम पुढे पंधराएक जिल्ह्यांतल्या शेकडो शाळांत पोचला. २००२ मध्ये राज्य सरकारनं तो बंद केला. तीस वर्षांत शिक्षकांच्या अंगात मुरलेली एक सवय एका आदेशानं थांबली, याचं दुःख त्या पिढीच्या लिखाणातून अजून जाणवतं आणि ते रास्त आहे.

त्याच होशंगाबादच्या कामात १९७८ मध्ये पुण्याच्या टेल्को कारखान्यातून एक वर्षाची रजा घेऊन एक तरुण अभियंता आला. आयआयटी कानपूरचे अरविंद गुप्ता. त्यांनी गावचा बाजार धुंडाळला. सायकलच्या व्हॉल्व्हमध्ये घालायची बारीक रबरी नळी मिळाली, काड्यापेटी तर घरोघरी होतीच. नळीच्या छोट्या तुकड्यात दोन बाजूंनी काड्या खोचल्या की वाकणारा सांधा तयार होतो. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर तो हलत नाही. चार काड्यांचा चौकोन लगेच कलतो, तिरका होतो, लोळतो. पूल, छप्पर, मोबाइलचा मनोरा यांत त्रिकोणच त्रिकोण का असतात, ते काड्यापेटीतून समजतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलसंशोधन संस्थेच्या आवारात पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या मदतीनं मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली. तिथे २००३ ते २०१४ या काळात गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्याचा मोठा खजिना घडवला आणि सगळ्यांना फुकट खुला केला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 'मोडून पाहिल्याशिवाय मूल शिकत नाही' हे त्यांच्या कामाचं सूत्र मानलं, तर महागडी पेटी तिथेच बाद होते, कारण ती मोडायला कुणी देत नाही.

त्रिकोणाच्या या धड्याला एक जुना साक्षीदार आहे. बकमिन्स्टर फुलर, जगभर घुमटांचे रचनाकार म्हणून गाजलेले. लहानपणी त्यांची नजर फार अधू होती आणि चष्मा अजून लागलेला नव्हता. बालवाडीत शिक्षिकेनं भिजवलेले वाटाणे आणि टोकदार काड्या दिल्या. बालवाडीची कल्पना रुजवणाऱ्या फ्रोबेलच्या पद्धतीतला तो नेहमीचा खेळ. चांगली नजर असलेल्या मुलांनी आपापल्या घरांसारखे चौकोनी डबे केले. फुलरना घरं स्पष्ट दिसतच नव्हती, म्हणून ते चाचपत राहिले आणि जे हाताला डुगडुगत नव्हतं ते ठेवत गेले. शेवटी त्रिकोणांची एक भक्कम जाळी तयार झाली. ही आठवण त्यांनीच सांगितलेली आहे. पुढे त्याच रचनेवर त्यांनी पेटंट घेतलं. फुहाऱ्याच्या बाजारात वाटाणे आणि हरभरे किलोनं मिळतात. रात्री भिजत घालायचे आणि सकाळी टूथपिकांसोबत मुलांपुढे ठेवायचे. ज्याची बोटं थरथरतात त्याच्यासाठी हरभऱ्याऐवजी कणकेचे मोठे गोळे आणि जाड काड्या घ्यायच्या. धडा तोच राहतो.

दोनशे-तीनशे रुपये घेऊन बालवाडीची एखादी ताई या बाजारातून फिरली, तर काय काय हाती लागेल? बांगड्यांच्या दुकानातून फुटक्या आणि सुट्या प्लास्टिकच्या बांगड्या: लहानमोठ्या क्रमानं लावायला, एकात एक बसवायला, रंगानं वेगळ्या करायला. फुगे, स्ट्रॉ, चुंबकाचे तुकडे, लोकर, घुंगरू. स्ट्रॉचं टोक चपटं करून कापलं की पिपाणी होते; फुंकता फुंकता कात्रीनं तिची लांबी कमी करत गेलं की आवाज चढत जातो. ऐकू न येणाऱ्या मुलाला हा धडा कसा मिळेल? पिपाणी त्यालाच फुंकू द्यायची, ओठांवरची थरथर त्याला कळते. मोठा आवाज चालू असताना फुगवलेला फुगा दोन्ही तळव्यांत धरला, तर हवेतली थरथर हातभर पसरते. आवाज म्हणजे थरथर, हे तो ऐकणाऱ्या मित्रापेक्षा आधी सांगेल. घुंगरू वेगवेगळ्या डब्यांत टाकून हलवायचे आणि कोणत्या डब्यात किती ते आवाजावरून ओळखायचं, हा खेळ दृष्टी नसलेल्या मुलाचा हुकमी. जाड लोकरीचे तुकडे वेल्क्रोच्या पाटीवर चिकटतात, त्यावर त्याला स्वतःला चित्र काढता येतं आणि काढलेलं चाचपून पाहता येतं. आपण काढलेली रेघ आपल्यालाच समजली नाही, तर चित्र काढण्यात मन कसं रमेल?

बाजाराचीही मात्र एक अडचण आहे. स्वमग्न मुलाला ही जागा बऱ्याचदा सहन होत नाही. हॉर्न, लाउडस्पीकर, चमचमते दिवे, अंगाला घासून जाणारी माणसं हे सगळं एकदम आलं की ते मूल कान झाकून खाली बसतं, आणि लोक म्हणतात, हट्टी आहे. त्याच्यासाठी फुहाऱ्याची सहल सकाळी, दुकानं उघडण्याआधीची. आदल्या दिवशी चार चित्रांची पट्टी दाखवायची: आधी रिक्षा, मग कारंजं, मग बाटलीचा खेळ, मग घर. पुढे काय होणार हे माहीत असलं की त्याची भीती उतरते. आणि पाण्याची धार, फिरणारं चाक, एकसारखी रांग यांत ते मूल जितकं गुंतून राहतं, तितकं वर्गातलं दुसरं कुणी गुंतत नाही. निरीक्षण हे विज्ञानाचं पहिलं अंग मानलं, तर ते त्याच्याकडे उपजतच आहे.

कायद्याची बाजू आता भक्कम झाली आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं २१ प्रकारच्या अक्षमता मान्य केल्या, सर्वांना सोबत शिकवण्याची जबाबदारी शाळांवर टाकली आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त अक्षमता असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. पण हक्क सुरू होतो सहाव्या वर्षी, आणि मेंदूची सगळ्यात मोलाची वर्षं त्याआधी निघून जातात. ही फट बुजवायला केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी कार्यपद्धती जाहीर केली: लवकर ओळख, पालकांशी बोलणं, मुलाला सोबत घेणं. दुसरीकडे शाळांतल्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६ पासून सुरू आहेत. एका प्रयोगशाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, देशात त्या १०,००० झाल्या आणि आणखी ५०,००० काढण्याची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. त्या सहावीपासून पुढच्या मुलांसाठी आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, खेळ आणि खेळणी यांवर भर दिला, पण त्या वयाच्या वाट्याला अशी प्रयोगशाळा नाही. तिला लाखांची गरजही नाही. गरज आहे ती दीदीला आठवड्यातून एक तास मोकळा मिळण्याची, आणि ओलं झालेलं अंगण पाहून तपासणीला आलेल्या कुणी तिला न रागावण्याची.

विज्ञानाचं दार अशा मुलांना लवकर उघडलं नाही, तर पुढे काय होतं याची उदाहरणं ताजी आहेत. दिल्लीच्या कार्तिक साहनी या दृष्टिहीन विद्यार्थ्याला अकरावीला विज्ञान शाखा मिळवायलाच झगडावं लागलं. २०१३ मध्ये बारावीला त्यानं ९६ टक्के गुण मिळवले, तरी आयआयटीच्या प्रवेश परीक्षेचा मार्ग त्याला खुला झाला नाही. तो अमेरिकेत स्टॅनफर्डला शिष्यवृत्तीवर गेला. बंगळुरूच्या विद्या वाय. जन्मतः दृष्टिहीन. आयआयआयटी बंगळुरूमधून शिकून त्यांनी 'व्हिजन एम्पॉवर' संस्था उभी केली. दृष्टिहीन मुलांना शाळेपासून विज्ञान आणि गणित शिकता यावं, त्यांच्या शिक्षकांना ते शिकवता यावं, यासाठी ती काम करते. कर्णबधिर मुलांपुढची भिंत वेगळी आहे: विज्ञानाच्या कित्येक शब्दांच्या खुणा त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, २०२१ मध्ये १०,००० चा झाला. वाफ, चुंबक, बीज, वर्तुळ यांच्या खुणा चार वर्षांच्या मुलाला त्याच्या आईच्या हातांतून मिळाल्या, तर पहिलीत त्याला अर्ध्यातून सुरुवात करावी लागत नाही.

हालचालींवर ताबा नसलेल्या मुलांच्या बाबतीत मुंबईनं फार आधी वाट दाखवली. मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये, होशंगाबादचा प्रयोग सुरू झाला त्याच वर्षी, स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांची मुलगी मालिनी चिब हिला सेरेब्रल पाल्सी. एका बोटानं टाइप करत तिनं आत्मचरित्र लिहिलं आणि त्याचं नाव त्या एका बोटावरूनच ठेवलं. पुढे याच संस्थेनं धारावीसारख्या वस्त्यांतल्या बालवाड्यांत अशा मुलांना इतरांसोबत बसवून दाखवलं. जबलपुरातही जस्टिस तन्खा मेमोरियल रोटरी इन्स्टिट्यूट फॉर स्पेशल चिल्ड्रनसारख्या विशेष संस्था आहेत. विशेष शाळेतल्या शिक्षकांच्या हातात असलेलं कसब आणि गल्लीतल्या अंगणवाडीची दारं यांचं अंतर मोजायला गेलं तर थोडं आहे. महिन्यातून एकदा विशेष शाळेतल्या ताईंनी अंगणवाडीत यावं, एवढीच सोय झाली तरी किती मुलं घराबाहेर पडतील!

जबलपूरपाशी तर एक असं धन आहे, की ते चाचपूनच पाहावं. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन या ब्रिटिश अधिकाऱ्याला या शहरालगतच्या बडा शिमला टेकडीवर काही दगडी हाडं सापडली. भारतात सापडलेले ते पहिले डायनोसॉर. रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये त्या प्राण्याला टायटॅनोसॉरस इंडिकस असं नाव दिलं. चार्ल्स मॅटली यांनी इथल्या खडकांतून आणखी हाडं काढली आणि १९३३ मध्ये एका छोट्या डायनोसॉरला चक्क या शहराचं नाव मिळालं: जब्बलपुरिया. लम्हेटा घाटावरून ज्यांना नाव पडलं त्या लॅमेटा थरांत डायनोसॉरची अंडीही सापडली. कुठल्याही मुलाला, मग त्याची अडचण कोणतीही असो, डायनोसॉरचं नाव काढलं की बोलवावं लागत नाही. मऊ मातीत शंख, पान, कोंबडीचं हाड दाबायचं, त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतायचं, वाळलं की माती सोडवायची. ठसा आणि त्यात ओतलेली प्रत यांतला फरक हाताला कळतो. यातच भूशास्त्र आलं, शिल्पकलाही आली.

अशा हातांचं काय होऊ शकतं, हे गीरत फर्मे यांनी दाखवून दिलं. नेदरलँड्समध्ये १९४६ साली जन्मलेल्या या मुलाची दृष्टी लहानपणीच पूर्ण गेली. कुटुंब अमेरिकेत आलं. चौथीच्या शिक्षिकेनं फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून आणलेले शिंपले वर्गात ठेवले, आणि युरोपातल्या थंड समुद्राच्या शिंपल्यांपेक्षा हे किती नक्षीदार आहेत, हे त्या मुलाच्या बोटांना लागलं. असं का, हा प्रश्न त्यांनी आयुष्यभर धरून ठेवला. ते कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिसला प्राध्यापक झाले. शंखांवरच्या भरून आलेल्या जखमा चाचपून खेकड्यांच्या हल्ल्यांचा कोट्यवधी वर्षांचा इतिहास त्यांनी मांडला. डोळस संशोधकांच्या नजरेतून जे निसटलं होतं, ते त्यांच्या बोटांनी टिपलं. त्या शिक्षिकेनं केलं एवढंच, की शिंपले काचेच्या कपाटात ठेवले नाहीत.

कलेचा 'ए' इथे वेगळा आणावा लागत नाही. मंडल्याच्या पलीकडे, आजच्या दिंडोरी जिल्ह्यातल्या पाटनगढचे जनगढसिंह श्याम यांनी गोंड चित्रांना जगापुढे नेलं. ठिपके, बारीक रेघा, पुन्हा ठिपके. मोर, हरीण, झाड अशा नक्षीनं भरत जातं. हेच ठिपके फेव्हिकॉलचे थेंब टाकून केले आणि वाळू दिले, तर चित्र उठावदार होतं. डोळस मूल रंग पाहतं, दुसरं मूल बोटानं मोराच्या पाठीवरून शेपटीपर्यंत जातं. ठिपके मोजणं, त्यांची पुनरावृत्ती ओळखणं, अर्ध्या मोराचा उरलेला अर्धा पुरा करणं, म्हणजे गणितही याच कागदावर.

आणि दिवाळीत तर मराठी मुलांकडे 'स्टीम'ची सगळी अक्षरं एकत्र करणारा खेळ पिढ्यान्‌पिढ्या आहे: किल्ला. अंगणात माती, दगड, विटा, पोती. माती किती ओली असली की बुरूज उभा राहतो आणि किती ओली झाली की ढासळतो, हे सहा वर्षांचं मूल तिसऱ्या प्रयत्नात शोधून काढतं. कडा किती उभा करायचा, पायऱ्या कुठून न्यायच्या, तळं कुठे खणलं तर पाणी मुरणार नाही, हळीव कधी पेरले म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवळ दिसेल. ही अभियांत्रिकी झाली, शेती झाली, इतिहास झाला, आणि बुरुजावर मावळा कुठे उभा करायचा यावरून भांडण झालं ती कला.

किल्ल्यात प्रत्येकाला काम असतं, हे त्याचं सगळ्यात मोठं सामर्थ्य. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या मुलासाठी किल्ला जमिनीवर न करता जुन्या टेबलावर उभारायचा. खुर्ची आत सरकेल एवढी उंची ठेवायची. चिखल हाताला लावून घेणं सहन न होणाऱ्या मुलाला कोरडी वाळू आणि मोठा चमचा द्यायचा. दोन दिवसांनी तो स्वतःच बोट बुडवेल, न बुडवलं तरी बिघडत नाही. शिकायला वेळ लागणाऱ्या मुलीला बुरूज थापटण्याचं काम, एकामागून एक, तेच तेच. तिसऱ्या बुरुजापासून तिचा हात इतरांपेक्षा सफाईनं चालतो. दृष्टी नसलेल्या मुलासाठी तर किल्ला म्हणजे नकाशाच. दरवाजातून शिरून, माचीवरून बालेकिल्ल्यापर्यंत त्याची बोटं चढत जातात. रायगडाची गोष्ट त्याला आजवर फक्त ऐकून माहीत होती. आता कडा त्याच्या तळव्याखाली असतो.

मुलं किल्ल्यात कारंजंही करतात. दवाखान्यातून धुऊन आणलेली सलाइनची नळी, उलटी टांगलेली बाटली, नळीच्या टोकाला रिकाम्या रिफिलचा तुकडा. बाटली खिडकीच्या गजाला बांधली की तळ्यातून बोटभर धार उडते. फुहाऱ्यावर विचारलेला प्रश्न इथे पुन्हा निघतो, आणि या वेळी मोटर आहे असं कुणालाच म्हणता येत नाही. एक जण बाटली हातात घेऊन स्टुलावर चढतो, धार वर जाते. खाली उतरतो, धार बुटकी होते. बाटली कितीही उंच नेली तरी धार तिच्या पातळीपर्यंत पोचत नाही. का पोचत नाही, यावर वाद सुरू होतो. त्या धारेवर एका मुलीचा तळवा पालथा धरलेला असतो. बाटली कुठे आहे ते तिला दिसत नाही, पण "वर नेली," "खाली आणली," असं ती न चुकता सांगत राहते. हळूहळू बाटली टेबलाच्या बरोबरीला येते, पाणी तिच्या बोटांवरून ओघळतं आणि थांबतं. ती हात तसाच ठेवून म्हणते, "आता पुन्हा वर ने."